दोरा, कांडी आणि माझं कोपर

माझ्या बापाला लोकांचे हात सरळ करायचं वेड आहे. भिवंडीत आमचा गाळा आहे, त्यात आधी बारा लूम होते, आता तीन पूल टेबलं आहेत. लूम भंगारात गेले त्या वर्षी बाबानं गाळा रंगवला, पंखे बदलले, टेबलं आणली आणि लूमच्या सामानातली एकच वस्तू मागे ठेवली: एक रिकामी कांडी. आडवं सूत गुंडाळून धोट्यात बसवतात ती, वीतभर लांबीची, लाकडी. तिला त्यानं हातभर दोरा बांधला आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला रबर. हे सगळं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं असतं. नवा माणूस टेबलावर वाकला की बाबा खिळ्याकडे जातो, रबर त्याच्या कोपरावर चढवतो, कांडी खाली लोंबते, आणि बाबा मागे उभा राहून एक डोळा मिटून बघतो. मनगट दोऱ्याच्या रेषेत आलं पाहिजे. नाही आलं तर त्या माणसाची धडगत नाही.

‘खांदा हलवायचा न्हाय,’ बाबा सांगतो. ‘कोपर जागच्या जागी. त्याच्या खालचा हात तेवढा झुलवायचा, मागं न् पुढं. काठी पांढऱ्या बॉलला लागते त्या वक्ताला हात सरल खाली आला पायजे. मूठ आवलायची न्हाय. चिमणी धरल्यासारखी काठी धरायची. सगलं सेटिंगवर हाय.’

सेटिंग हा त्याचा लाडका शब्द. लूमवर धोटा अडकला की सेटिंग, कापडाला काठ सैल आला की सेटिंग, माझ्या आईचं डोकं दुखलं तरी सेटिंग. आणि तो जे सांगतो ते बरोबर असतं, त्याचाच तर जास्त राग येतो. ड्युटी सुटल्यावर येणारे लूमवाले, मानकोलीच्या गोदामांतले ड्रायव्हर, कॉलेजची टाळकी, सगळ्यांचे हात त्यानं त्या दोऱ्याखाली सरळ केलेत. महिनाभरात माणूस बॉल आत टाकायला लागतो. मग तो येताजाता ‘चाचा, चाचा’ करतो आणि बाबाची कॉलर ताठ होते.

माझा एक हात तेवढा त्याला सरळ करता आला नाही.

मी सात वर्षांची असताना ह्याच गाळ्यात कापडाच्या गाठींवरून पडले. उजवं कोपर सुजून भोपळा झालं. बाबानं मला स्कूटरवर पुढे उभी केली आणि दिघाशीला हाड बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं पाला बांधला, बांबूच्या कामट्या लावल्या, पट्ट्या गुंडाळल्या. सहा आठवड्यांनी पट्ट्या सुटल्या तेव्हा हात कोपरापासून आत वळलेला होता. दोन्ही हात खाली सोडून उभी राहिले की डावा नीट लोंबायचा आणि उजव्याचं कोपर बाहेर यायचं, पंजा मांडीत शिरायचा. आई म्हणाली, फुल बाह्या घातल्या की दिसत नाही. बाबा म्हणाला, ‘सवय लागलीय तिला. दुखत होता तवा असा धरायची ना, तसाच राहिला. सरल ठेव म्हनावं, होईल सरल.’

मग तेच चालू झालं. जेवताना, लिहिताना, ओवाळायला ताम्हण धरताना, कुठंही असले तरी मागून आवाज यायचा, ‘हात सरल.’ एखाद्याच्या टाळूवर मिरी वाटतात म्हणजे काय, ते मला शाळेत तो वाक्प्रचार शिकवायच्या आधीपासून माहीत आहे. आणि वाईट हे की माझा त्याच्यावर विश्वास होता. आपल्यालाच वाईट खोड आहे, आपण आळशी आहोत, मनावर घेतलं तर हात सरळ होईल, असं मी खरंच धरून चालले होते. आरशासमोर उभी राहून कोपर आत दाबायचे. दुखायचं. दुखतंय म्हणजे सरळ होतंय असं वाटायचं.

टेबलं आली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. दुपारी गाळा रिकामा असायचा. बाबा जेवून झोपला की मी काठी उचलायचे. कुणी शिकवलं नव्हतं, पण बॉल आत जायचे. कसे ते सांगता आलं नसतं. मी वाकायचे, काठी जिथं बसते तिथं बसू द्यायचे, आणि मारायचे. एका दुपारी बाबा उठून दारात उभा राहिला होता ते मला कळलं नाही. मी लागोपाठ पाच बॉल टाकले. तो आत आला, आणि मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तो सरळ खिळ्याकडे गेला.

रबर कोपरावर चढलं, कांडी लोंबली, आणि माझं मनगट दोऱ्याच्या चांगलं चार बोटं आत होतं. बाबानं माझं कोपर धरून आत दाबलं. दोरा आणि मनगट एका रेषेत आणायचं तर मला मनगट बाहेर मुरडावं लागत होतं. मुरडलेल्या मनगटानं काठी सरळ जात नाही, ती शेवटच्या क्षणी तिरकी होते आणि पांढऱ्याच्या मधोमध लागण्याऐवजी कडेला लागते. मारला, चुकला. परत मारला, परत चुकला. आत्ताच पाच टाकलेली मी, आता एकही टाकू शकत नव्हते.

‘बघितलंस,’ बाबा म्हणाला. ‘आतापरयंत नशिबानं जात होते.’

त्या मे महिन्याच्या सुट्टीपासून त्यानं लूमच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेऊन माझा दंड बरगड्यांना बांधायला सुरुवात केली. रोज एक तास. गिऱ्हाइकं बघायची. एखादा म्हणायचा, चाचा, जाने दो, बच्ची है. बाबा म्हणायचा, बच्ची है इसलिए अभी सीधा होगा. मला त्याचं ते ‘सीधा’ अजून ऐकू येतं. वर्षभर मी बांधलेल्या हातानं खेळले आणि वर्षभर वाईट खेळले. मग जिल्ह्याच्या स्पर्धेचा कागद आला. मुलींचं वेगळं होतं, नाव द्यायचं होतं. मी विचारलं. तो टेबलाचं कापड ब्रशनं साफ करत होता, वर बघितलंही नाही.

‘ह्यो हात घेऊन तिथं उभी ऱ्हाशील,’ तो म्हणाला, ‘न् लोक इचारतील, शिकवलं कोनी.’

मी काठी स्टँडला लावली ती पुढची अकरा वर्षं हातात घेतली नाही. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, पण त्या दिवसापासून मी त्याला हाकच मारायची सोडली. कामापुरतं बोलायचे. जेवायला बोलावतात, ये. लाईट गेली. पाणी आलं. आई मधे पडायची आणि दोन्हीकडून बोलणी खायची.

पुढं मला मानकोलीला एका गोदामात नोकरी लागली. आलेल्या मालाचे खोके स्कॅन करायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे, शिफ्टमध्ये. तिथं ऑफिसच्या वरच्या मजल्यावर साहेब लोकांनी एक पूल टेबल आणून ठेवलं होतं, स्टाफ खुश राहावा म्हणून. कुणी फारसं खेळायचं नाही, डबे ठेवायला उपयोग व्हायचा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी डबे बाजूला केले आणि वाकले. मागे कुणी उभं नव्हतं. खिळा नव्हता, दोरा नव्हता. कोपर बाहेर गेलं, जाऊ दिलं.

पहिल्याच दिवशी काही चमत्कार झाला नाही. हात मोकळा सोडला तर काठी सरळ झुलत होती, पण ती माझ्या नाकाच्या रेषेत झुलत नव्हती, उजव्या डोळ्याखाली झुलत होती. म्हणून मी हाताला हात लावला नाही, बाकीचं अंग हलवलं. उजवा पाय टाचेवर वळवून एक पाऊल मागे आणि बाहेर. हनुवटी काठीच्या मधोमध ठेवायची सोडली, उजव्या बाजूला सरकवली. टेबलावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवली आणि काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर करायला लागले, तोंडाला न लागता. आधी दहातले आठ धक्के प्लॅस्टिकला लागायचे, टकटक. दोन महिन्यांनी शंभर वेळा आत-बाहेर केलं तरी बाटली हलली नाही. कोपर बाहेर होतं, तिथंच होतं, आणि काठी सरळ जात होती. कोपर कुठं आहे ह्याला काही अर्थ नसतो, ते दर वेळी तिथंच आहे का ह्याला असतो. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कारण सांगणाऱ्याला ती कळायची नव्हती.

त्याच सुमारास स्कॅनर धरून धरून माझी करंगळी बधीर व्हायला लागली. कंपनीनं हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि विचारलं, लहानपणी मोडलं होतं का. म्हटलं हो. म्हणाला, हाड वाकडं जुळलंय, त्यामुळे शीर ताणली जाते. मी विचारलं, सवयीनं असं होतं का? ‘सवयीनं हाड वळत नाही हो,’ तो म्हणाला. ‘पहिल्या आठवड्यात कुणी फोटो काढला असता तर सरळ बसवता आलं असतं.’

मी दवाखान्यातून निघाले ती थेट गाळ्यावर. शुक्रवार होता, लूमला सुट्टी, म्हणून तिन्ही टेबलं भरलेली. अंगाची लाही लाही होत होती. मी फोटो पिशवीतून काढला आणि मधल्या टेबलावरच्या ट्यूबलाईटसमोर धरला, सगळ्यांना दिसेल असा. म्हटलं, ‘बाबा, बघ. सवय.’

कितीतरी वर्षांनी हाक मारली होती. बाबा जवळ आला, चष्मा चढवला, एक डोळा मिटून बघितलं, दोऱ्याकडे बघतो तसंच. मग म्हणाला, ‘फोटो वाकडा काढलाय.’

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘काठी घे. तीन गेम. मी जिंकले तर ह्या सगळ्यांसमोर म्हणायचं, सवय नव्हती, हाड होतं. आणि हे तुझ्यामुळे झालं.’

‘न् मी जिंकलो तर?’

‘तर मरेपर्यंत हा विषय काढणार नाही. आणि हवं तर दोरा बांधून घेईन.’

आमचे लूम चालू होते तेव्हा ते दुरुस्त करायला यायचा तो म्हातारा मिस्त्री कोपऱ्यात चहा पीत होता. आता दर शुक्रवारी नुसता बसायला येतो. त्यालाच पंच केलं. त्यानं कप ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं बाबानं स्वतः लाल रंगानं लिहिलंय: शॉट चालू असताना बोलू नये. ‘ये दोनों के लिए है,’ मिस्त्री म्हणाला.

पहिला गेम बाबानं घेतला. पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, पण टेबलावर वाकला की त्याचा हात बघावा. खांदा दगडासारखा, कोपर जागच्या जागी, खालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा. मी त्याचा राग करत असले तरी खोटं कशाला बोलू, मी त्याच्याइतका सरळ हात पाहिलेला नाही. दर शॉटनंतर तो माझ्या कोपराकडे बघायचा, चेहऱ्याकडे नाही. आणि त्याच्या नजरेनं माझं कोपर आपोआप आत जायला लागलं. इतकी वर्षं झाली तरी अंग त्याचंच ऐकत होतं. चार सोपे बॉल चुकले.

दुसऱ्या गेमला मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ होईल अशा बाजूनं खेळले. जिथं होईना तिथं त्याला म्हटलं, तिकडं उभा राहा. तो हसला. मी बाटलीचं तोंड आठवलं, पाय मागे टाकला, हनुवटी उजवीकडे घेतली. कोपर बाहेर. बॉल जायला लागले. माझे सात गेले आणि मग काळा, म्हणजे गेम माझा; त्याचे दोन टेबलावर राहिले. कुणीतरी टाळी वाजवली आणि बाबानं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरी वाजली नाही.

तिसरा लांबला. दोघंही जपून खेळत होतो. त्याचा एक कट शॉट अगदी पॉकेटच्या तोंडाशी अडला. तो तिथंच काठी टेकून उभा राहिला, मग बाकावर जाऊन बसला. माझा सातवा, शेवटचा पट्टेरी बॉल गेला, आता काळा तेवढा राहिला, पांढरा फिरून मधोमध थांबला. काळा लांबच्या कोपऱ्यापासून दोन वीत. सरळ शॉट, पण लांब. असा शॉट हाताची परीक्षा घेतो, कारण कोपर कणभर हललं तर पांढरा तिकडे पोचेपर्यंत बोटभर सरकतो. मी खडू लावला. वाकले. डावा पंजा कापडावर रोवला, काठी उजव्या डोळ्याखाली आली. एकदा मागे-पुढे, दोनदा.

‘दिघाशीच्या त्या मानसानं मना सांगितलेलं.’

बाबाचा आवाज. माझ्या मागून, बाकावरून. मी वाकलेलीच राहिले.

‘तिसऱ्या दिवशी त्यो स्वता गाळ्यावर आलेला. बोल्ला, मना वाटतंय हाड सरल बसला न्हाय, पोरीला ठान्याला मोठ्या दवाखान्यात ने. आजच ने. लूमवर ताण्याच्या सुताची नवी बीम चढवलेली. शेठचा कापड शनिवारी द्याचा होता. लूम बंद ठेवले असते तर त्यो पुढचा काम दुसऱ्याला देता. मी बोल्लो, सोमवारी नेतो. सोमवारी दुसरी बीम आली. मी तुना नेली न्हाय.’

मिस्त्रीनं ‘चाचा’ म्हणून हात वर केला, फाऊलसाठी की कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं.

मी काठीच्या टोकाकडे बघत होते. मला वाटायचं त्याला कळलं नव्हतं. वीस वर्षं मी त्याला अडाणी समजत होते, आणि अडाणी माणसावर किती रागवायचं ह्याला काही मर्यादा असते. ती मर्यादा त्यानं आता स्वतःच काढून टाकली. त्याला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. जेवताना, लिहिताना, ओवाळताना, मागून ‘हात सरल’ म्हणताना माहीत होतं. तो पट्टा माझ्या बरगड्यांभोवती आवळताना माहीत होतं. सूत ताणून बसवता येतं, लूम खिळखिळा झाला तर मिस्त्री येतो आणि परत सेट करतो, तसं लेकीचं हाडही मागाहून सेटिंग करून सरळ होईल असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि ते होत नाही म्हटल्यावर दोष माझ्यावर ढकलला. आणि हे तो कधी सांगतोय, तर मी काळ्यावर वाकलेली असताना. मला चुकवायला बोलला की हरणार हे दिसल्यावर आपसूक तोंडातून गेलं, मला माहीत नाही. मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलेलं नाही. मला त्या क्षणी त्याची कीव आली नाही, रडूही आलं नाही. नुसता संताप होता, आणि हात मात्र गार, शांत होता.

कोपर बाहेर होतं. मी ते तिथंच ठेवलं, काठी मागे घेतली आणि सोडली. पांढरा लांबवर गेला, काळ्याच्या बरोब्बर मधे लागला, काळा आत पडला. पांढरा तिथंच थांबला.

मी उभी राहिले. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि माझ्या हाताकडे बघत होता.

‘कोपर भायेर गेलं,’ तो म्हणाला. हळू, सवयीनं.

‘जाणारच,’ मी म्हटलं. ‘हाडच तसं आहे.’

त्यानं मान डोलावली. मी काठी स्टँडला लावली, फोटो पिशवीत घातला आणि त्याच्या समोरून दाराकडे गेले. जाताना खिळ्यावरून दोरा काढला, रबर, कांडी, सगळं, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.